किल्ली मिळाली, गाडी कुठे मिळाली?



सभागृहात येण्याआधी मी बाहेर लावलेल्या मोटरसायकली मोजत होतो. एकावन्नपर्यंत पोचलो, तेवढ्यात संयोजकांनी चहाला हाक मारली. गाडी चालवत कोण कोण आलं असं विचारलं तर इथे भराभर हात वर होतील. आरसीवर तुमचंच नाव आहे का, असं विचारलं की त्यातले काही हळूच खाली येतील. मधल्या रांगेतले दोघे आत्ताच एकमेकांकडे बघून हसले, म्हणजे माझा अंदाज फार चुकलेला नाही.

काल इथे संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या हवामानावर आहे आणि मध्ये मी, आरटीओचे फॉर्म घेऊन. एका आजोबांनी दारातच विचारलं, "वसंत व्याख्यानमालेत हा कसला विषय?" न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा मोटरसायकल नव्हती हे खरं. पण रानडे न्यायाधीश होते. सही नसलेला कागद आणि कागद नसलेला व्यवहार यांनी माणसाचं काय होतं ते त्यांनी रोज पाहिलं असणार, त्यामुळे ते मला सांभाळून घेतील.

मी वकील नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतो, एवढाच माझा अधिकार. त्यातही या विषयावर बोलायचा खरा अधिकार मला मिळाला तो माझ्याच मूर्खपणामुळे.

२०२१ च्या पावसाळ्यात मुलीसाठी पुण्यात एक जुनी मोटरसायकल घेतली. दीडशे सीसी, काळी, एमएच १२ पासिंग, एका हातची. गाडी-बाजारातला दुकानदार मोठा गोड माणूस. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर जुन्या मालकाच्या सह्या झालेल्याच होत्या, गाडीबरोबर फायनान्स कंपनीची एनओसीही होती. "पेपरची काळजी सोडा काका, महिन्यात नाव लागतं," तो म्हणाला. मी सगळे पैसे दिले. वरून पेढेही दिले. किल्ली घेतली, मुलीने दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली आणि आम्ही घरी आलो.

महिना झाला. "पेपर लावलेत काका." दिवाळी झाली. "सर्व्हर डाऊन आहे." संक्रांत झाली. "साहेब बदललेत." दरम्यान गाडी उत्तम चालत होती, आणि गाडी चालत असली की माणसाला कागदाचा विसर पडतो.

फेब्रुवारीत नागपूरहून फोन आला. पलीकडून अगदी शांत आवाज, "भाऊ, माझी गाडी पुण्यात कोण चालवून राहिलं?" मी म्हटलं, रॉंग नंबर. ते म्हणाले, "थांबा. फोटोत मागे बसलेले पांढऱ्या शर्टातले गृहस्थ तुम्हीच का? हेल्मेट नाही तुमच्या डोक्यावर."

मीच होतो. त्यांच्या मोबाइलवर गेल्या पाच महिन्यांत चार चलानं आली होती. दोन सिग्नलची, एक नो पार्किंगचं आणि एक माझ्या टकलाचं. त्यांनी पुण्यातली गाडी विकून नागपूर गाठलं होतं. त्यांच्या लेखी गाडी केव्हाच गेली होती. सरकारच्या लेखी ते रोज पुण्यातले सिग्नल तोडत होते.

आता यात कायदा कुठे येतो ते बघू. जंगम वस्तूचा आपला नेहमीचा हिशेब सोपा असतो: पैसे दिले, ताबा घेतला, वस्तू आपली. मिक्सर घेतला तर त्याची नोंदणी करायला कोणी जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, मात्र वेगळं बोलतो. त्याच्या कलम २ (३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. अज्ञान मुलांचा आणि कर्जावरच्या गाड्यांचा अपवाद सोडा. म्हणजे माझ्या मुलीजवळ किल्ली होती, गाडी होती, पेट्रोलच्या पावत्या होत्या, आणि मालक बसले होते नागपुरात.

चलानाचं एकवेळ हसण्यावारी नेता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात जो निकाल दिला, तो ऐकून हसू येणार नाही. २००७ मध्ये एकाने मोटार विकली. ती पुढे आणखी दोन-तीन हात फिरली, पण नाव कोणी लावून घेतलं नाही. २००९ मध्ये तिने अपघात केला, त्यात एका मुलाचा जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याने. अपघातग्रस्ताने गाडी कोणाकडून कोणाकडे गेली हे शोधत फिरायचं का, हा न्यायालयाचा मुद्दा बिनतोड आहे. पण दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाची रात्र कशी गेली असेल याचा विचार करा. नागपूरच्या गृहस्थांना हे मी फोनवर सांगितलं नाही. त्यांना ते आधीच माहीत होतं, म्हणूनच त्यांनी फोन केला होता.

सगळे म्हणतात, घेणाऱ्याने सावध राहावं. माझ्या मते या व्यवहारात विकणारा जास्त अडकतो. आणि दोघांच्या मध्ये जो पैसे कमावतो तो दुकानदार कागदावर कुठेच नसतो.

फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने दिलेली सूचना, फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. त्यात जागा दोघांनाच: देणारा आणि घेणारा. दुकानदार विकणाऱ्याकडून गाडी घेतो तेव्हा घेणाऱ्याची जागा कोरी ठेवून सह्या करून घेतो. गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरतो. मधले दोन महिने, सहा महिने गाडी त्याच्या दुकानासमोर उभी असते, तो ती चालवून दाखवतो, घरी जाताना नेतोही, आणि कायद्याने तो त्यात नसतोच. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. पण कोऱ्या फॉर्मवर तारीखही कोरीच असते, मग चौदा दिवस मोजायचे कुठून?

ही पळवाट बुजवायला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने आता परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. गाडी त्याच्याकडे सोपवली की फॉर्म २९सी ने तसं ऑनलाइन कळवायचं, आणि तेव्हापासून तो दुकानदार मानीव मालक. नाव लावून घेण्याचा, डुप्लिकेट आरसीचा अर्जही तोच करू शकतो. गाडी दुकानातून बाहेर काढली तर कोणी, कशासाठी, किती किलोमीटर चालवली याची नोंदही त्याने ठेवायची. नियम चांगला आहे. माझी गाडी त्याच्या आधीची, त्यामुळे मला तो उपयोगी पडला नाही. तुम्ही मात्र उद्या गाडी-बाजारात गेलात तर चहा पिण्याआधी विचारा, "अधिकारपत्र कुठे लावलंय?" उत्तर देण्याआधी दुकानदार भिंतीकडे बघतो की तुमच्याकडे, एवढं पाहा.

पुन्हा माझ्या गाडीकडे येतो. पेपर "लावले" होते ते आरटीओत नव्हे, दुकानदाराच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात. का? गाडी कर्जावर घेतलेली होती, आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव होतं. त्याला आपण एचपी म्हणतो. कर्ज फेडलं म्हणजे एचपी उतरली असं नव्हे. फायनान्सवाल्याने एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ द्यायचा, तो आरटीओत नोंदवायचा, मग ते नाव निघतं. त्याच्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नागपूरकरांनी एनओसी आणून दुकानदाराला दिली होती. तिच्या तळाशी बारीक अक्षरात तीन महिन्यांची मुदत छापलेली होती. दुकानदाराने खण उघडला तेव्हा ती उलटून गेली होती. मग तो मला "सर्व्हर डाऊन" सांगत राहिला. सर्व्हर बिचारा बोलत नाही.

विम्याची गंमत मला नंतर कळली. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या माणसाकडे आपोआप गेल्यासारखा धरतात, पण विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा आपोआप जात नाही. म्हणजे मुलीची गाडी घसरून टाकी चेपली असती, तर पॉलिसी नागपूरकरांची आणि टाकी आमची.

नव्या गाडीला हा त्रास नाही असं समजू नका, तिथे तो वेगळ्या रूपात येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ सांगतो की तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय शोरूमवाल्याने गाडी ताब्यात द्यायचीच नाही. तरी मुहूर्त साधायचा म्हणून आपणच म्हणतो, "गाडी द्या हो, पासिंग नंतर करा." पाडव्याला शोरूमसमोर जी रांग लागते, तिच्यात अर्धी चूक आपली असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९२ब मध्ये नोंदणीचा अर्ज न करणाऱ्या विक्रेत्याला वार्षिक कराच्या पंधरापट किंवा आजीवन कराइतका, यातला जो जास्त असेल तो दंड आहे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर हे कलम लेखी पत्रात नुसतं लिहा. तोंडी सांगितलेलं कलम दुकानात विरून जातं.

आणि एक गोष्ट ताबा घेताना स्वतः करा. चेसिसवरचा नंबर कागदांशी ताडून बघा. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. त्यामुळे बिलावर किंवा पॉलिसीवर तुम्हाला 'ओ' दिसला तर टाइप करणाऱ्याने चूक केली हे नक्की. आमच्या केंद्रात एक तरुण शेतकरी आला होता. त्याच्या गाडीची चोरी झाली, दावा अडकला, कारण पॉलिसीत शेवटून तिसरा आकडा ८ चा ३ झाला होता. सुदैवाने त्याच्याजवळ चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट होता. कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो. लहानपणी आपण नाण्यावर करायचो तेच. त्या कागदाने त्याचं काम झालं.

कागदाची तारीख काय करू शकते ते २०१७ मध्ये सगळ्या देशाने बघितलं. १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला सांगितलं. तेव्हा सहा लाखांहून जास्त न विकलेल्या दुचाकी पडून होत्या. दोन दिवस शोरूमवर जत्रा लोटली, हजारोंची सूट. ३१ मार्चपर्यंत विकल्याचा पुरावा असेल तरच पुढे नोंदणी. काही ठिकाणी उरलेल्या गाड्या दुकानाच्या किंवा नोकरांच्याच नावावर चढवल्या गेल्या. नंतर त्या विकल्या गेल्या, शून्य किलोमीटर चाललेल्या आणि दुसऱ्या मालकाच्या! प्लॅस्टिकही न काढलेल्या गाडीच्या आरसीवर दुसरा हात बघून एक गृहस्थ आमच्याकडे रडकुंडीला आले होते. स्वस्तात मिळाली तेव्हा का विचारलं नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. पेढे देणाऱ्याने कोणत्या तोंडाने विचारावं?

दाद कुठे मागायची? जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान पुण्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मात्र पुरावा हवा, आणि चिठोऱ्यावरची कच्ची पावती तिथे फार केविलवाणी दिसते. मला विचाराल तर आयोगाच्याही आधीचा उपाय आहे: नाव लागेपर्यंत दहा हजार रुपये हातात ठेवायचे. दुकानदाराला तुमच्या कागदाची आठवण ठेवायला तेवढं एक कारण लागतं. मी त्याला ते ठेवलंच नव्हतं.

शेवटी काम केलं ते नागपूरकरांनी. फायनान्स कंपनीकडून नवी एनओसी काढली, फॉर्म ३५ वर सह्या घेऊन कुरिअर केला. मी चारही चलानांचे पैसे त्यांना पाठवले. मग ऑनलाइन अर्ज भरताना त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेला. मी फोन केला, "तेवढा आकडा सांगा." पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "भाऊ, ओटीपी कोणाला देऊ नका म्हणून बँक रोज मेसेज करते, आणि तुम्हाला तर मी फक्त चलानाच्या फोटोत पाह्यलं आहे." बरोबरच होतं त्यांचं. मी व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे फिरवला, त्यांनी चेसिस नंबर मोठ्याने वाचून ताडला, मग स्वतःचं नाव वाचलं, मग माझ्या मुलीचं. आणि आकडा सांगितला.

तीन आठवड्यांनी स्पीड पोस्टाने आरसी आली. मी कार्डाचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि फोनही केला. ते खूश झाले. म्हणाले, चला, सुटलो. मग थोडं थांबून म्हणाले, "मी इथं आल्यावर एक स्कूटर घेतली, अशीच, दुकानातून. आत्ता तुमचं कार्ड पाह्यलं तेव्हा तिची आरसी काढून बघितली. भंडाऱ्याच्या एका मास्तरांचं नाव आहे तिच्यावर."

मी विचारलं, नंबर आहे का त्यांचा?

"शोधून राहिलो," ते म्हणाले. "पण आधी हे सांगा, फोन केल्यावर मास्तर पहिलं काय विचारतील?"