विमानतळ, आगगाडी आणि ओझे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलू. त्यावर बोलणारे आमच्यापेक्षा विद्वान लोक पुष्कळ आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयांत आणि कामगारांच्या घरी. तेव्हा आम्ही विषय निवडला तो आमच्या हातांना ठाऊक असलेला. विमानतळावर उतरलेल्या माणसाने आपले सामान घेऊन आगगाडीने शहरात कसे यावे, एवढाच प्रश्न आहे. वरवर क्षुल्लक वाटतो. पण आम्ही गेली वीसबावीस वर्षे विमानतळावरील लोडर कामगारांत काम करीत आहोत. एखादी सोय कोणासाठी केली आहे हे तिच्या उद्घाटनाच्या भाषणावरून कळत नाही, ओझे घेऊन तिच्या दाराशी गेले म्हणजे कळते, असा आमचा अनुभव आहे.

१९९४ सालची गोष्ट सांगतो. आमचे भावोजी तेव्हा कुवेतला वायरमन होते. तीन वर्षांनी ते रजेवर येणार म्हणून त्यांना आणायला आम्ही रत्नागिरीहून मुंबईला आलो. विमान उतरले पहाटे तीनला, सहारला. भावोजी बाहेर आले ते तीन डाग घेऊन : एक बॅग, एक वळकटी आणि एक मोठा खोका. खोक्याला सुंभाची दोरी आणि त्यावर रंगाने नाव, गाव, तालुका, जिल्हा. ज्यांच्या घरचे कोणी आखातात राहिले आहे त्यांना तो खोका वेगळा सांगायला नको. त्यात ब्लँकेट असते, टेपरेकॉर्डर असतो, दूध पावडरचे डबे असतात, आणि आळीतल्या प्रत्येक घरासाठी साबणाची एकेक वडी असते.

टॅक्सीवाल्याने मुंबई सेंट्रलच्या एस. टी. स्थानकापर्यंतचे जे पैसे सांगितले, ते ऐकून भावोजींनी खोक्यावर बसकण मारली. म्हणाले, "एवढ्यात माझा गावापर्यंतचा प्रवास होईल." मग रिक्षा करून आम्ही अंधेरी स्टेशन गाठले आणि पहिल्या लोकलची वाट पाहू लागलो. जिन्यावर दोरी सुटली. एक डबा गडगडत खाली गेला. त्या वेळी टोपल्या घेऊन निघालेल्या कोळणी तिथे होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने डबा उचलून आणला आणि आम्हांला साध्या डब्यात चढू दिले नाही. आपल्याबरोबर लगेजच्या डब्यात घेतले. मासळीच्या पाण्यात खोका ठेवायला भावोजी कचरत होते, तर ती म्हणाली, "अरे, आमची पण लक्ष्मीच हाय ती!" मुंबईच्या लोकलला लगेजचा डबा ठेवणाऱ्या त्या कोणा जुन्या अधिकाऱ्याचे आम्ही त्या पहाटे मनोमन आभार मानले. विमानतळाची सोय म्हणून काही त्याने तो डबा ठेवला नव्हता. पण ओझे घेऊनही माणूस प्रवास करतो, एवढे त्याला कळत होते.

विमानतळाला रेल्वे जोडावी ही कल्पना काही नवी नाही. बर्लिनच्या टेंपलहॉफ विमानतळापाशी भुयारी रेल्वे १९२७ सालीच गेली. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाचे १९५८ साली उद्घाटन झाले, तेव्हा रेल्वे स्थानक इमारतीला लागूनच होते. हीथ्रोला भुयारी रेल्वे १९७७ साली पोचली. आपल्याकडे चेन्नईला गंमत अशी की, विमानतळासमोरचा हमरस्ता ओलांडला की तिरुसुलम हे साध्या उपनगरी गाडीचे स्थानक लागते. तिथून पाचदहा रुपयांत शहर गाठणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तेथील मेट्रो विमानतळावर आली ती २०१६ साली. दिल्लीने २०११ साली खास विमानतळाची वेगवान गाडी सुरू केली आणि नवी दिल्ली स्थानकावरच विमानाचे सामान स्वीकारण्याची व्यवस्था केली. हे आम्हांला फार पटते. माणसाने रिकाम्या हातांनी गाडीत बसावे. ती गाडी चालवणारी खाजगी कंपनी २०१३ साली बाजूला झाली आणि सरकारी मेट्रोने गाडी आपल्या हाती घेतली, हाही भाग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मुंबईला मात्र फार वाट पाहावी लागली. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो झाली. तिच्या एका स्थानकाचे नाव 'एअरपोर्ट रोड'. विमानतळ त्या नावातच; सामान घेऊन उतरलेल्याला पुढे पुन्हा रिक्षा. खरी जोडणी झाली ती भुयारी मेट्रो तीनने. साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. दोन्ही विमानतळांना स्वतंत्र स्थानके मिळाली. तिकीट जास्तीत जास्त सत्तर रुपये. हे मोठे काम झाले, आणि ज्यांनी जमिनीखाली घाम गाळून ते केले त्यांचे नाव कोठल्याही कोनशिलेवर नाही, एवढे म्हणून पुढे जातो.

गेल्या हिवाळ्यात भावोजी मुलाकडे दुबईला जाऊन परत आले. या वेळी विमान संध्याकाळचे होते. वय अडुसष्ट. सामान तेच, म्हणजे दोन चाकांच्या बॅगा आणि एक खोका! खोक्याशिवाय दुबईहून आलो असे त्यांना वाटतच नाही. आम्ही म्हटले, या वेळी भुयारातून जाऊ, सीएसएमटीला उतरू आणि रात्रीची कोकणकन्या धरू.

आम्हांला मोजण्याची सवय आहे. युनियनच्या कामात माणूस किती वेळा वाकला, किती उचलले, हे मोजावेच लागते. खोका पट्ट्यावरून ढकलगाडीत, ही पहिली उचल. ढकलगाडी मेट्रोत येत नाही, म्हणून खाली उतरवला, ती दुसरी. तपासणीच्या यंत्रावर तिसरी, यंत्रावरून खाली चौथी. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. लिफ्टपाशी रांग होती, पण तक्रार नाही. गाडीत पाचवी, सीएसएमटीला बाहेर सहावी. पाऊण तासाच्या आसपास प्रवास, थंडगार हवा. १९९४ ची पहाट आठवून मोजली तर उचली चौदापर्यंत जातात. तेव्हा सुधारणा नक्की आहे. आमच्यासारख्या जन्मभर तक्रारी करणाऱ्या माणसानेही ती कबूल केली पाहिजे.

सातवी उचल हमालाने केली. रेल्वे स्थानकात आल्यावर लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला दिसला. भावोजींनी सवयीप्रमाणे घासाघीस केली. हमाल म्हणाला, "बाबा, बॅगांना चाकं लागली तेव्हापासून आमच्याकडं खोकाच उरलाय. त्याचं तरी सरळ द्या." चाकांनी किती प्रवाशांचे खांदे वाचवले आणि किती हमालांची चूल मंदावली, याचा जमाखर्च एकत्र मांडलेला आमच्या वाचनात नाही.

आता एक आकडा सांगतो. विमानाच्या तिकिटावर तेवीस किलो लिहिलेले असते, आणि एका डागाचे वजन बत्तीस किलोवर गेले तर बहुतेक विमान कंपन्या तो घेत नाहीत. पुष्कळांना वाटते, हा विमानाच्या ताकदीचा हिशेब आहे. विमानाला चार किलोंचे काय! बत्तीसचा आकडा उचलणाऱ्याच्या पाठीसाठी आहे. आपल्याकडे जास्त चालतात त्या मध्यम आकाराच्या विमानांचे पोट जेमतेम चार फूट उंच. लोडर तिथे उभा राहू शकत नाही. गुडघ्यांवर बसून तो बॅगा ओढतो आणि रचतो, उन्हाळ्यात पत्रा तापलेला असताना. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे पंचावन्न किलोंच्या वर नसावे; त्या काळी आपल्या बाजारांत शंभर किलोंची पोती पाठीवर जात होती. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. तेव्हा बॅगेवर 'जड' अशी चिठ्ठी दिसली तर ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेली सूचना आहे, असे समजावे.

हा लोडर घरी कसा जातो, हे सांगून थांबतो. मेट्रो तीन सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या आसपास सुटतात. आखाती देशांतली कित्येक विमाने मात्र मध्यरात्री आणि पहाटे उतरतात. म्हणजे खोकेवाला माणूस उतरतो तेव्हा गाडी झोपलेली, आणि खोका उतरवणाऱ्याची पाळी संपते तेव्हाही ती झोपलेलीच. मेट्रोवाले म्हणतात, रुळांची देखभाल रात्रीच करता येते. हे खोटे नाही. रुळांवर रात्री राबणारी माणसेही आमचीच आहेत; त्यांच्या जिवावर उठून आम्हांला गाडी नको. लंडनला हाच वाद झाला. रात्रीची गाडी २०१५ च्या सप्टेंबरात सुरू व्हायची होती. पाळ्या आणि पगार यांवरून कामगारांनी संप केले, रात्रीसाठी वेगळे चालक घेतले गेले, आणि ऑगस्ट २०१६ पासून काही मार्गांवर शुक्रवार-शनिवारच्या रात्री गाड्या धावू लागल्या. हीथ्रोच्या मार्गावर त्या डिसेंबरात आल्या. आठवड्यातून दोनच रात्री, पण आल्या. शिवाय गाडी नसेल त्या वेळी तिच्याच तिकिटात, तिच्याच स्थानकांवर थांबणारी, सामानाला जागा असलेली बस ठेवायला काय हरकत आहे? आम्ही असे लेखी मागितले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

आमच्या युनियनचा एक मुलगा आहे, सव्वीस वर्षांचा, राहायला कल्याणपलीकडे. त्याची पाळी रात्री दीडला सुटते. पहिली लोकल मिळेपर्यंत तो अंधेरीला बाकावर बसून राहतो. आम्ही त्याला विचारले, एवढा वेळ करतोस काय? म्हणाला, "काही नाही. गुडघे सरळ करून बसतो."