शहरदार



तुमच्या स्नेहसंमेलनाला मला बोलावलंत. याच पटांगणात मी विद्यार्थी म्हणून बसलेलो आहे, त्यामुळे आजचा दिवस माझ्यासाठी मोठा आहे.

आपण स्थापत्य शाखेची माणसं. आपल्या रोजच्या बोलण्यातले काही शब्द बघा: जमीन, पूल, इमारत, शहर. हे सगळे फारसीच्या वाटेने मराठीत आले. महापौराला आजच्या इराणमध्ये 'शहरदार' म्हणतात. किल्ला सांभाळतो तो किल्लेदार, तसा शहर सांभाळतो तो शहरदार. आज मला परक्या देशात शहर सांभाळायला उभ्या राहिलेल्या इराणी माणसांविषयी बोलायचं आहे.

इराणमध्ये जन्मलेला एखादा स्थापत्य अभियंता अमेरिकेत महापौरपदाची निवडणूक लढवतो, तेव्हा त्याच्या प्रचारपत्रकावर दोन ओळी असतात. जन्म इराणमध्ये, पदवी अमेरिकेत. या दोन ओळींच्या मधे एका पिढीचा इतिहास दडलेला आहे.

१९७० च्या दशकात इराणकडे तेलाचा पैसा होता. धरणं, रस्ते, कारखाने उभारायचे होते आणि त्यासाठी शिकलेली माणसं हवी होती. १९७९-८० या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक इराणी विद्यार्थी होते. दुसऱ्या कुठल्याही देशाचे इतके विद्यार्थी तेव्हा तिथे नव्हते. त्यांतल्या अनेकांनी अभियांत्रिकी निवडली. शिकायचं, परत जायचं आणि देश उभा करायचा, हे ठरलेलं होतं.

१९७९ मध्ये क्रांती झाली. ४ नोव्हेंबरला तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला गेला आणि ५२ अमेरिकी माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. इकडे अमेरिकेत शिकणाऱ्या इराणी मुलांना कागदपत्रं घेऊन सरकारी कार्यालयात हजर होण्याचा आदेश निघाला. १९८० मध्ये इराकशी युद्ध पेटलं, ते आठ वर्षं चाललं. मायदेशातली विद्यापीठंही काही काळ बंद झाली. तुमच्याच वयाची ती मुलं. घराची वाट बंद झालेली आणि समोरच्या रस्त्यावर संशयाच्या नजरा. त्यांतले कितीतरी जण तिथेच राहिले, पदव्या पूर्ण केल्या आणि ज्या गावांनी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं, त्याच गावांचे पूल आणि गटारं आखायला बसले.

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी नागरिक म्हणून जन्मलेल्या माणसाला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. महापौर मात्र होता येतं. जिमी देलशाद यांचं उदाहरण घ्या. जन्म शिराझचा, ज्यू कुटुंबातला, मूळ नाव जमशीद. १९५० च्या दशकाच्या अखेरीला, म्हणजे क्रांतीच्या कितीतरी आधी, ते अमेरिकेत गेले. त्यांचं क्षेत्र संगणकाचं. कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्स शहरात ते २००३ मध्ये नगरसेवक झाले आणि २००७ मध्ये महापौर. पुढे २०१० मध्ये पुन्हा ते पद त्यांच्याकडे आलं.

त्या शहरात इराणी वंशाच्या लोकांची वस्ती मोठी आहे. २००७ च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर फारसी मजकूरही छापला गेला आणि बरेच नागरिक रागावले. आमच्या गावात ही कुठली लिपी, असा तो राग होता. त्या रागातच मतदान झालं, देलशाद नगरसेवक म्हणून पुन्हा निवडून आले आणि शहराने कारभार त्यांच्या हाती दिला. तुम्ही कुठून आलात, हा प्रश्न लोक विचारणारच. कामाला लागलेल्या माणसाला त्याचं उत्तर कामातूनच द्यावं लागतं.

पण अभियंत्याने निवडणुकीच्या फंदात का पडावं, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. मलाही वाटायचं, किल्लारीला जाईपर्यंत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून गावं झोपली होती. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी नोकरीत नवा होतो, पाहणीच्या कामावर गेलो होतो. पडलेल्या घराची भिंत मोजत असताना एक आजोबा जवळ येऊन बसले. म्हणाले, "साहेब, मजबूत व्हावी म्हणून भिंत जाड केली. मग तिनंच कसं मारलं?"

मातीत रचलेले दगड, वर माळवदाचा भार, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. उत्तर मला ठाऊक होतं. ते माझ्या पुस्तकात होतं, त्यांच्या गावात पोचलंच नव्हतं. ते पोचवण्याचा निर्णय घेणाऱ्या खुर्चीपाशी आमच्यातलं कुणी बसलेलं नव्हतं.

दहा वर्षांनी, २६ डिसेंबर २००३ ला, इराणमधलं बम शहर असंच कोसळलं. पंचवीस हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक कच्च्या विटांच्या घरांखाली. तिथले फोटो पाहताना मला त्या आजोबांचा आवाज ऐकू आला. अशा मातीतून आलेला अभियंता एखाद्या शहराचा कारभार मागतो, तेव्हा भिंत कशाने पडते हे त्याला आधीच माहीत असतं. त्याच्या पार्श्वभूमीत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच.

मित्रांनो, महाराष्ट्रात वयाच्या एकविसाव्या वर्षी महापालिकेची निवडणूक लढवता येते. सगळ्यांनी लढवावी असं मी म्हणत नाही. पण पदवी घेण्याआधी आपल्या शहराचा अर्थसंकल्प एकदा वाचा. तुमच्या प्रभागाचं पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं, ते नकाशावर काढा. मग तो नकाशा घेऊन नगरसेवकाच्या दारात जा. आणि तुमच्या वर्गात परगावचा, परप्रांताचा, परदेशातला कुणी असेल, तर त्यालाही सोबत न्या. उद्या हे शहर सांभाळणाऱ्यांत कदाचित तोही असेल.

पारितोषिक मिळवलेल्या सर्वांचं अभिनंदन. संध्याकाळच्या एकांकिकेला मी थांबणार आहे.