घामाचा हिशेब



कांद्याची 2024-25 सालची हकीकत आपण सर्वांनीं सोसलेली आहे. 4 मे 2024 रोजीं निर्यातबंदी उठली, पण 40 टक्के कर राहिला. सप्टेंबरांत तो 20 टक्क्यांवर आला व 1 एप्रिल 2025 पासून गेला. कर दिल्लीस बसतो, भाव लासलगांवीं पडतो. ओरड आपण पुष्कळ केली. पण क्विंटलामागें खर्च किती आला, असें कोणीं विचारलें तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतों.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांतील कृषि अर्थशास्त्र विभाग हाच प्रश्न घेऊन बसला आहे. त्याचीं माणसें निवडक गांवीं लहानमोठ्या शेतकऱ्यांचा वर्षभराचा जमाखर्च टिपतात. बीं, खत, मजुरी हा पदरचा खर्च एक. घरच्या माणसांची मेहनत दुसरा. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज तिसरा. हमीभाव ठरवितांना सरकार पहिल्या दोहोंची दीडपट धरतें, तिसरा सोडतें. कांद्यास तर हमीभावच नाहीं.

विभागाची वही घरोघरीं येणार नाहीं. करितां आम्हां शिक्षकांचें सांगणें एवढेंच: आपली वही आपण घाला. जोतीरावांनीं ज्या विद्येसाठीं देह झिजविला, तिचा उपयोग येथें करा. शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून रोज रात्रीं चार ओळी लिहवून घ्या. आज कोण राबलें, किती वेळ, काय विकत आणलें? लागणीला व काढणीला वाकलेल्या तिच्या आईचे दिवस त्यांत पहिले मांडा. सुतार-लोहारांनींही असेंच करावें.

नफ्याचा वाटलेला कांदा कदाचित् तोट्याचा निघेल. निघूं द्या. मग मागणी करतांना आपल्या हातीं आंकडा असेल.