पहिला कॅमेरा घेताना

हुबळीच्या दुर्गदबैलात संध्याकाळी दिवे लागले, गिरमिट-मिरचीच्या गाड्यांभोवती गर्दी जमली, की नव्या छायाचित्रकाराचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. इथे खरी अडचण प्रकाशाची. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स दिवसा उत्तम. पण ५५च्या टोकाला तिचं छिद्र एफ ५.६ पर्यंतच उघडतं. एफ १.८ची लेन्स त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणून माझं स्पष्ट मत: बॉडी जुनी चालेल, पैसा लेन्सवर घाला.

अशी पन्नास मिलिमीटरची लेन्स स्वस्त असते खरी. मात्र एपीएस-सी या लहान सेन्सरवर तिची चौकट पंचाहत्तर-ऐंशी मिलिमीटरइतकी आखडते, आणि बाजाराच्या गल्लीत मागे सरकायला जागा कुठे असते? तिथे पस्तीसची बरी.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. लेन्स उजेडात धरून आत बुरशीचे धागे दिसतात का, तेही पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पिशवीतली लेन्स बुरशीने बिघडू शकते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती ठेवा. तिवई नंतर घेतली तरी चालेल.