निगेटिव्ह, पण कोणत्या दिवसापर्यंत?



 समुपदेशक व तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो, अध्यक्षीय भाषणाचा माझा सगळा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे: एचआयव्ही चाचणीचा विंडो पिरियड.

आपल्या चाचणी केंद्रांत वारंवार दिसणारे दृश्य आठवा. एक तरुण समोर येऊन बसतो. खिशातून चार घड्या घातलेला खासगी लॅबचा रिपोर्ट काढतो. ‘मॅडम, निगेटिव्ह आलाय. म्हणजे सुटलो ना?’ धोक्याच्या प्रसंगाला आठवडाही झालेला नसतो. रिपोर्ट खोटा नसतो. पण त्या प्रसंगाबद्दल तो अजून काहीच सांगू शकत नाही, हे त्याला कुणी समजावलेले नसते.

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले काही दिवस कोणत्याच चाचणीला सापडत नाही. मग रक्तात आधी त्याचा जनुकीय अंश दिसतो, नंतर पी-२४ हे प्रतिजन आणि शेवटी प्रतिपिंडे. म्हणून न्यूक्लिक ॲसिड चाचणीला साधारण १० ते ३३ दिवस लागतात, शिरेतल्या रक्तावरच्या प्रतिजन-प्रतिपिंड चाचणीला १८ ते ४५ आणि फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या रॅपिड किटना २३ ते ९०. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा हा काळ म्हणजेच विंडो पिरियड. तीन वेगवेगळ्या किट वापरून आपण पॉझिटिव्ह निदान पक्के करतो. त्याने विंडो पिरियड एका दिवसानेही कमी होत नाही.

लागण झालीच असेल, तर याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातले विषाणूंचे प्रमाण अतिशय वाढलेले असते. निगेटिव्ह रिपोर्टच्या भरवशावर कंडोम बाजूला ठेवणारा माणूस तेव्हाच जोडीदाराला सर्वाधिक धोक्यात टाकतो. फुकटात तपासणी होईल म्हणून रक्तदान करणारा तर अनोळखी रुग्णाला धोक्यात टाकतो.

म्हणून माझी विनंती आहे की सुई टोचण्याआधी तारीख विचारा आणि कॅलेंडर समोर ठेवा. प्रसंग १ जूनच्या रात्रीचा असेल, तर ४ जूनच्या रात्रीपर्यंत, म्हणजे ७२ तासांच्या आत, पीईपी, म्हणजे लागण टाळण्यासाठीची औषधे, सुरू करता येते. जितक्या लवकर तितके चांगले. गोळ्या २८ दिवस घ्यायच्या. तो माणूस ३ जूनला आला, तर त्याला चाचणीच्या रांगेत नव्हे, आधी डॉक्टरांकडे न्या. पीईपी घेतली नसेल, तर शिरेच्या रक्तावरची प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी १६ जुलैनंतर आणि रॅपिड चाचणी ३० ऑगस्टनंतर निगेटिव्ह आली की त्या प्रसंगापुरते निश्चिंत राहा, असे ठामपणे सांगा. मध्ये नवा धोका पत्करला असेल, तर मोजणी पुन्हा सुरू. पीईपी घेतली असेल, तर पुढच्या तारखा डॉक्टर ठरवतील.

थांबण्याचे हे दिवस फार जड जातात. त्या माणसाची झोप उडते, भूक जाते, घरात बोलता येत नाही. त्याला १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लिहून द्या. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्याची गोपनीयता राखली जाते, हे आवर्जून सांगा. पुन्हा बोलावण्यासाठी फोन करायचा असेल, तर आधी त्याची संमती घ्या.

शासनाकडे या व्यासपीठावरून माझी एकच मागणी आहे. प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टवर तो कोणत्या तारखेपर्यंतच्या धोक्याबद्दल बोलतो आणि फेरतपासणी कधी करायची, हे मराठीत छापलेले असावे. तोवर हे काम आपल्या पेनाने करू या. उद्या केंद्र उघडल्यावर पहिल्याच रिपोर्टपासून.