मूल हरवते तेव्हा गावाने काय बोलावे?

(सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील व प्राथमिक शिक्षक यांच्या तालुका पातळीवरील प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



या वर्गात सकाळपासून आपण पाणीपुरवठा, करवसुली, शालेय पोषण आहार अशा विषयांवर ऐकले. माझा विषय थोडा निराळा आहे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही. लागतो तो संयम. गावातील एखादे मूल हरवले तर गावाने काय करावे, आणि विशेषतः काय बोलू नये, याविषयी मी चार शब्द सांगणार आहे.

मूल दिसेनासे झाल्याची वार्ता गावात पसरायला वेळ लागत नाही. चावडी, देवळाचा पार, पाणवठा, एस. टी. चा थांबा आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाइल, सगळीकडे तोच विषय. पहिला तास विहिरी, ओढे, गोठे पाहण्यात जातो. त्यानंतर तर्क सुरू होतात. ‘आईचे लक्ष कुठे होते?’ ‘बापाचे कोणाशी तरी वाकडे होते म्हणे.’ ‘काल वेशीवर अनोळखी माणसे दिसली होती.’ या बोलण्यामागे दुष्टावा असतोच असे नाही. उत्तर न मिळालेला प्रश्न मनाला सोसवत नाही, म्हणून मन स्वतःच उत्तर रचते. परंतु रचलेले उत्तर दहा तोंडांतून फिरले की ते साक्षीसारखे वाटू लागते, आणि कोणाच्या तरी माथी बसते. पुष्कळदा ते दोनच ठिकाणी जाऊन थांबते: घरातल्या आईवर, नाही तर वाटेवरच्या परक्यावर. दोहोंचे एकेक उदाहरण आपण पाहू.

आईवर आलेला आळ

पहिले उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. त्या देशाच्या मध्यभागी, ओसाड प्रदेशात, उलुरू नावाचा प्रचंड खडक आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री त्याच्या पायथ्याशी प्रवाशांच्या तळावर एक कुटुंब तंबू ठोकून राहिले होते. मायकेल चेंबरलेन हे धर्मोपदेशक, त्यांची पत्नी लिंडी, दोन मुलगे आणि नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया. तंबूत निजविलेली ही तान्ही मुलगी नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तेथील रानकुत्रा, तंबूतून बाहेर पडताना आपण पाहिला, त्यानेच बाळ नेले, असे आईने त्याच क्षणी ओरडून सांगितले. त्या रात्री सुमारे ३०० माणसांनी अंधारात शोध घेतला. तेथील आदिवासी माग काढण्यात निष्णात. त्यांनी वाळूतील पावलांचे ठसे पाहिले आणि आईच्या सांगण्याला पुष्टी दिली. पुढे आठवड्याभराने बाळाचे काही कपडे सापडले. बाळ मात्र कधीच सापडले नाही.

येथून तर्काचा खेळ सुरू झाला. कुत्रा मूल कसा नेईल? आई दूरदर्शनवर बोलताना रडली का नाही? ती बाळाला काळे कपडे घालीत असे म्हणे. अझारिया या नावाचा अर्थ ‘अरण्यातील बळी’ असा आहे म्हणे. वास्तविक हे नाव बायबलमधील असून त्याचा अर्थ ‘देवाने साहाय्य केलेला’ असा आहे. कोणत्याही ग्रंथालयात जाऊन ही गोष्ट पाच मिनिटांत तपासता आली असती. परंतु तपासण्यापेक्षा सांगण्यात माणसाला अधिक गोडी वाटते. हे कुटुंब अल्पसंख्य ख्रिस्ती पंथाचे होते, एवढे कारणही लोकांना संशयासाठी पुरले.

फेब्रुवारी १९८१ मध्ये कॉरोनरने, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, आईवडील निर्दोष असल्याचा निर्णय दिला. अफवा थांबाव्यात म्हणून तो निर्णय दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपित करण्यात आला. तरीही अफवा थांबल्या नाहीत. चौकशी पुन्हा उघडली गेली, खटला उभा राहिला, आणि २९ ऑक्टोबर १९८२ रोजी डार्विन येथे लिंडी चेंबरलेन यांना स्वतःच्या मुलीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. तुरुंगवासात जन्मलेली मुलगीही त्यांच्यापासून दूर नेण्यात आली.

कुटुंबाच्या मोटारीत अर्भकाचे रक्त सापडल्याचा तज्ज्ञांचा दावा हा त्या खटल्याचा मोठा आधार होता. पुढील चौकशीत तो टिकला नाही. ज्याला रक्ताचे शिंतोडे म्हटले होते, तो मोटारीच्या कारखान्यात मारलेला आवाजरोधक लेप निघाला. बाळाच्या अंगात एक छोटे जाकीट होते, असे आई पहिल्यापासून सांगत होती. ते सापडत नव्हते म्हणून तिला खोटे ठरविण्यात आले. १९८६ च्या फेब्रुवारीत, खडकावरून पडून मरण पावलेल्या एका प्रवाशाचा शोध घेताना, डिंगोंची बिळे असलेल्या भागात ते जाकीट मिळाले. लिंडी यांची सुटका झाली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. आणि १२ जून २०१२ रोजी, घटनेनंतर जवळजवळ ३२ वर्षांनी, डिंगोनेच बाळ नेले अशी नोंद मृत्यूच्या दाखल्यावर झाली.

आदिवासी माग काढणाऱ्यांनी पहिल्याच रात्री जे सांगितले होते, तेच अखेर खरे ठरले. ज्यांनी जमिनीवरील ठसे पाहिले त्यांचे बोलणे मागे पडले, आणि ज्यांनी केवळ आईचा चेहरा पाहिला त्यांचे बोलणे पुढे गेले.

परक्यावर आलेला आळ

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातील आहे, आणि ते सांगताना मान खाली जाते. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील माणसे होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात जीवनक्रम. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून देशभर पसरली होती. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराचीत बालसुरक्षेच्या जाणीवजागृतीसाठी तयार केलेली होती. तिचा शेवटचा भाग कापून टाकला होता. त्या पाच जणांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. सरपंच आणि सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावे की, त्यांना कोंडून मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयाच्या खोलीत.

त्यानंतर १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी असावा, असे त्यात म्हटले आहे. तरीही १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा जमावाने बळी घेतला. निर्देश कागदावर असतात; जमावासमोर मात्र गावातलाच एखादा माणूस उभा राहावा लागतो.

माझी एक चूक

मित्रहो, केवळ इतरांचे दोष सांगून मी हे व्यासपीठ सोडले तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, मी सेवेत नवा असताना, एका गावातून नऊ वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. घरी सावत्र आई होती. गावाने मनोमन निकाल देऊन टाकला होता. एका वार्ताहराने मला विचारले, “घरातल्याच कोणाचा हात असेल का?” मी उत्तर दिले, “सर्व शक्यता तपासल्या जात आहेत.” वाक्य शासकीय शिस्तीचे होते, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सावत्र आईवरील संशयाच्या बातमीखाली छापून आले, आणि गावाच्या तर्कावर जणू शासनाची मोहोर उमटली.

तिसऱ्या दिवशी मुलगा सापडला. वर्गातल्या मित्राचे आईवडील ऊसतोडीला निघाले, तेव्हा हाही गंमत म्हणून त्यांच्या बैलगाडीत चढला होता आणि टोळीच्या कोप्यांवर मजेत राहिला होता. शाळेत त्याच दिवशी ‘आणखी कोण गैरहजर आहे?’ एवढे विचारले असते तरी उलगडा झाला असता. मुलगा परतला, ती बाई मात्र त्या तीन दिवसांत माहेरी निघून गेली आणि पुन्हा त्या गावात नांदायला आली नाही. ‘मला माहीत नाही, तपास पोलीस करीत आहेत’ एवढेच मी बोलायला हवे होते.

आपले कर्तव्य

तर मग गावाने काय करावे? पहिली गोष्ट, वेळ दवडू नये. ‘चोवीस तास वाट पाहा’ असा कोणताही नियम नाही. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याच्या तक्रारीवर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदविणे आवश्यक आहे. हद्द आमची नाही, या कारणानेही तक्रार नाकारता येत नाही. ११२ आणि १०९८ हे दोन क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्यावेत. चार महिन्यांत मूल न सापडल्यास तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपविण्याची पद्धत आहे, हेही पालकांना सांगावे.

दुसरी गोष्ट, गावाच्या वतीने एकानेच बोलावे. सरपंच किंवा पोलीस पाटील यांनी, पोलिसांनी सांगितले तेवढेच, ठराविक वेळी सर्वांना सांगावे. अधिकृत शब्द वेळेवर आला तर तर्काला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट, शिक्षकांसाठी. एका कागदाचे तीन भाग करावेत: ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘वाटले’. ज्याला काही सांगायचे असेल त्याचे म्हणणे योग्य भागात लिहावे, आणि तो कागद फक्त तपास अधिकाऱ्याच्या हाती द्यावा. संशय सांगणे हा गुन्हा नाही. पोलिसांना सांगितलेला संशय तपासाला साहाय्य करतो. तोच संशय पारावर सांगितला की तो आळ होतो.

चौथी गोष्ट, छायाचित्राची. पोलिसांनी प्रसिद्ध केलेले छायाचित्र व वर्णन तेवढेच पुढे पाठवावे, आणि मूल सापडताच ते थांबवावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सापडलेल्या मुलाला उद्या त्याच शाळेत बसायचे असते, हे विसरू नये.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, परक्या माणसाची. गावात अनोळखी माणूस दिसला आणि कुजबुज सुरू झाली, तर ग्रामपंचायत सदस्याने त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे, पाणी द्यावे, नावगाव विचारावे आणि लगेच पोलिसांना कळवावे. तो दोषी असेल तर कायदा त्याचे पाहील. निर्दोष असेल तर आपण एक जीव वाचविला आणि गावाला कलंकापासून दूर ठेवले.

बंधुभगिनींनो, मूल हरवलेल्या घरी त्या रात्री चूल पेटत नाही. त्या घराला आपल्या तर्काचा काहीही उपयोग नसतो. उपयोग असतो तो कंदील घेऊन ओढ्याकाठी फिरणाऱ्या माणसाचा, शाळेचा हजेरीपट तपासणाऱ्या शिक्षकाचा, आणि त्या आईजवळ काही न विचारता बसून राहणाऱ्या शेजारणीचा. आपल्या गावात अशी वेळ न येवो. आलीच, तर पहिला आवाज शोधाचा असावा, आणि तर्क करणाऱ्याला ‘तू पाहिलेस का?’ असे शांतपणे विचारणारा माणूस आपल्यापैकीच कोणी असावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.