तक्रार नाही, म्हणजे सुख आहे का?

(मुलींच्या वसतिगृहांच्या प्रश्नावर महिला संघटनांच्या बैठकीत केलेले भाषण)



वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना भेटायला गेलं की एक उत्तर हमखास मिळतं, 'आमच्या मुलींची काहीच तक्रार नाही.' आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे.

आपलं शहर वसतिगृहांचं शहर आहे. १९५० साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याच्यासोबत वसतिगृहंही आली, कारण खेड्यातल्या दलित मुलाला शहरात कुणी खोली देणार नव्हतं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. बाबासाहेबांचं नाव त्याला मिळावं म्हणून १९७८ पासून लोकांनी मार खाल्ला, घरं जळालेली पाहिली, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज बीड, जालना, धाराशिवच्या खेड्यांतून मुली इथे शिकायला येतात.

यातली कितीतरी मुलगी घरातली पहिलीच पदवीधर असते. आईबाप ऊसतोडीला जाणारे, नाहीतर कोरडवाहू शेतीवाले. बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं केव्हाच उरकलेली. घरी एवढंच कबूल झालेलं असतं, 'वसतिगृहात जागा मिळाली तर शिक.' म्हणजे ती एक खाट तिच्यात आणि बोहल्यात आडवी उभी असते.

आता ही मुलगी तक्रार कुणाकडे करणार? नळाला पाणी नाही, जेवण पोटभर नाही, असं घरी सांगितलं तर उत्तर येतं, 'मग ये परत.' कुणी पाठलाग करतो असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला हजर. अधिकाऱ्यांना सांगावं, तर तेही पहिला फोन घरीच लावतात. दोन्ही वाटा बंद. मग ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याला आपण समाधान म्हणतो. मी इथे एकाही वसतिगृहाचं नाव घेत नाही, कारण घेतलं तर उद्या तिथल्या मुलींनाच जाब विचारला जाईल.

फाटकाच्या वेळेचंही तेच. अभ्यासिकेत मुलगे बसलेले असतात, मुलींना मात्र घड्याळ बघून उठावं लागतं. कारण विचारलं की 'तुमच्या सुरक्षिततेसाठी.' जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. आरोप होता वसतिगृहाच्याच पहारेकऱ्यावर. कुलूप बाहेरच्याला अडवतं. आतल्याचं काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली लागू केलेल्या लैंगिक छळविरोधी नियमांतच म्हटलं आहे की, सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तक्रार समितीत तीन निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, हेही त्यात आहे. हे किती मुलींना माहीत आहे?

पैशाचंही बघा. २०२४ साली सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून मेसचं बिल माफ होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा आपल्यासारख्या शहरासाठी राहण्याचे ठरले वर्षाला १५ हजार. महिन्याला साडेबाराशे रुपयांत मुलीला सुरक्षित खोली कुठे मिळते, ते कुणी दाखवावं. म्हणूनच वसतिगृहातली खाट सुटण्याची भीती एवढी मोठी.

तेव्हा आपल्या संघटनांनी तीन गोष्टी धरून बसायला हव्यात. एक, मुली सज्ञान आहेत, त्यांच्या संमतीशिवाय तक्रारीचा फोन घरी जाता कामा नये. दोन, तक्रार केली म्हणून जागा जाणार नाही, हे लेखी मिळालं पाहिजे. तीन, पाणी, जेवण, दिवे, फाटक यांबद्दलचा अर्ज एकट्या मुलीचा नको, सगळ्या मजल्याचा असू दे, आणि तो द्यायला आपण सोबत जाऊ.

पुढच्या वेळी कुणी 'तक्रार नाही' म्हणालं, तर तेवढ्यावर उठून येऊ नका. शेवटची तक्रार कुणी केली होती आणि ती मुलगी आज कुठे आहे, एवढं विचारा.